टोकियो स्टेशनचा रिव्ह्यू, एका ठाणेकरणीकडून

आमच्या बिल्डिंगमधल्या दोन घरांची जपानची तिकिटं झालीयेत आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये, जिन्यात, वाण्याकडे, जिथे भेटतील तिथे एकच प्रश्न, अगं ते टोकियो स्टेशन खरंच एवढं भयंकर आहे का, आम्ही हरवणार का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून माझा घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. हरवाल, पण दहा-पंधरा मिनिटंच, आणि तेही बहुतेक स्वतःच्याच चुकीने. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी आमची वरात सांगते म्हणजे अंदाज येईल. मी, आई (वय ६७, गुडघे दुखतात), बाबा (वय ७२, काहीही दुखत नाही असं म्हणतात) आणि माझा मुलगा चिकू, वय ९. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, तो ठाण्यात बसून व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना पाठवत होता ज्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. हॉटेल उएनोजवळ होतं आणि आम्हाला शिंकानसेनने, म्हणजे त्यांच्या बुलेट ट्रेनने, क्योटोला जायचं होतं. म्हणजे उएनोहून आपल्या लोकलसारखी जी यामानोते लाइन आहे तिने टोकियो स्टेशनला यायचं, आतल्या आत बदलायचं आणि मोठी गाडी पकडायची. कागदावर एकदम सोपं.

बाबांचा जन्म नौपाड्यातला आणि जवळजवळ चाळीस वर्षं ठाणे-व्हीटी केलेलं, त्यामुळे आम्हाला कोण स्टेशन शिकवणार असा बाणा. शर्टाच्या वरच्या खिशात अजूनही रेल्वे पासचं ते जुनं प्लास्टिकचं कव्हर असतं, पास संपून बारा वर्षं झाली तरी. त्यातच त्यांनी जपानची तिकिटं ठेवली. उएनोच्या फलाटावर उभं राहून मला म्हणाले, जपानमधली पहिली रेल्वे कधीची माहितीये का, १८७२, शिम्बाशी ते योकोहामा, आणि आपल्या ठाण्याला गाडी कधी आली, १८५३, एकोणीस वर्षं आधी. हे त्यांनी शेजारच्या एका जपानी आजोबांनाही चक्क मराठीत सांगितलं, ते आजोबा हसून कमरेत वाकले, आणि बाबांना वाटलं पटलं त्यांना.

आता मुद्द्याचं. ठाण्याच्या माणसाला स्टेशनवर चालायची एक सवय असते जी आपल्याला कळतही नाही, ती म्हणजे गर्दी जाते तिकडे जायचं. सकाळी गाडीतून उतरलो की आपण पाटी वाचतो का? नाही. लोंढा पुलाकडे चाललाय म्हणजे पूल तिकडे, लोंढा सॅटिसकडे, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या त्या उंच डेककडे, वळला म्हणजे आपणही वळलो, डोळे मिटून माणूस रिक्षाच्या लाइनीत पोचतो. ही सवय टोकियो स्टेशनला घेऊन गेलात की संपलं. तिथली सकाळची गर्दी ऑफिसला चाललेली असते, शिंकानसेनला नव्हे, आणि ती एका दिशेने नाही तर आठ दिशांनी वाहते, कुणीही कुणाला धडकत नाही, आणि त्यातल्या कुठल्याही धारेत शिरलात की तुम्ही भलत्याच फलाटावर किंवा पाच मजले जमिनीखाली. आम्ही यामानोतेतून उतरलो, बाबा पुढे, सगळे काळ्या कोटातले लोक उजवीकडे चालले म्हणून बाबाही उजवीकडे, आम्ही त्यांच्या मागे, आणि एका लांबलचक सरकत्या जिन्यावर चढून वर गेलो तर तिथे चुओ लाइनची नारिंगी पट्ट्याची लोकल उभी. १ आणि २ नंबरचे फलाट बाकीच्या फलाटांच्या वरच्या मजल्यावर बांधलेत, म्हणून तो जिना एवढा लांब. परत खाली आलो. बाबा म्हणाले मला बघायचंच होतं.

तेव्हा पहिला नियम, माणसांकडे बघू नका, वर बघा. पाट्या वर टांगलेल्या आहेत, इंग्रजीत पण आहेत, आणि खरी गोष्ट ही की जिथे जिथे तुम्हाला डावं की उजवं असा प्रश्न पडतो बरोब्बर तिथे पाटी असते. मला आधी वाटलेलं मोठ्या स्टेशनात मोठ्या पाट्या असतील. तशा नाहीयेत, आकार मध्यम आहे, पण तुम्ही थबकाल ती जागा त्यांनी आधीच हेरून ठेवलीये. रंग लक्षात ठेवा. क्योटो-ओसाकाकडे जाणारी तोकाइदो शिंकानसेन निळी. उत्तरेकडे जाणाऱ्या सगळ्या, म्हणजे सेंदाई, नागानो, कानाझावा वगैरे, हिरव्या. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, गेट वेगळी, तिकीट काउंटर वेगळे, आणि एकाच्या गेटातून आत गेलात तर दुसऱ्याच्या फलाटावर थेट जाता येत नाही. चिकूला मी सांगितलं तू फक्त निळं शोध, आणि खरं सांगते त्यानंतर आम्ही त्याच्याच मागे चाललो.

दुसरी गोष्ट बाजू. हे ठाण्याच्या माणसाला लगेच कळेल कारण आपल्याकडे वेस्टच्या माणसाला चुकून कोपरीला, म्हणजे ईस्टला, उतरवलं तर तो दुसऱ्या देशात आल्यासारखा वागतो. टोकियो स्टेशनच्या पण दोनच बाजू डोक्यात ठेवा, पश्चिमेला मारुनोउची आणि पूर्वेला याएसु. मारुनोउचीकडे ती लाल विटांची जुनी इमारत आहे जी सगळ्यांच्या फोटोत असते, राजवाडाही त्याच बाजूला. १९१४ ची आहे, तात्सुनो किंगो नावाच्या वास्तुविशारदाने बांधलेली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात घुमट आणि तिसरा मजला गेला, मग साठ वर्षांहून जास्त काळ दोनच मजल्यांवर चाललं, आणि २०१२ मध्ये घुमटासकट होती तशी परत उभी केली. घुमटाखाली उभं राहून नक्की वर बघा, तिकडच्या राशींचे प्राणी कोरलेत, बारापैकी आठच आहेत कारण घुमट अष्टकोनी आहे. पण शिंकानसेन पकडायची असेल तर तुमचं काम याएसु बाजूला. टॅक्सीने येणार असाल तर ड्रायव्हरला याएसुच सांगा, तिथून निळ्या गाडीला थेट गेट आहेत. फोटोच्या नादात मारुनोउचीला उतरलात तर सगळं स्टेशन आडवं ओलांडायला लागतं, आणि ते तिकीट नसताना ओलांडायचं म्हणजे उत्तरेकडच्या फुकट बोगद्यासारख्या वाटेने वळसा घालून.

आता फलाटांचे नंबर. हे वाचून दादरवाले हसतील. १ ते १० ओळीने आहेत, बरं. त्यानंतर काय यायला पाहिजे? ११. तर नाही, १० नंतर २० ते २३ येतात आणि त्यांच्यापलीकडे १४ ते १९. म्हणजे तुम्ही आकडे मोजत चाललात तर दहानंतर एकदम वीस दिसतात आणि माणूस म्हणतो मी पुढे आलो वाटतं, आणि परत फिरतो. आम्ही फिरलो. कारण असं की तोकाइदोचे १४ ते १९ आधीचे, उत्तरेकडच्या शिंकानसेनचे फलाट नंतर मधल्या जागेत बसवले आणि त्यांना वेगळे नंबर दिले. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्हीकडे १ नंबर, २ नंबर होता म्हणून २०२३ च्या डिसेंबरात मध्यचे नंबर बदलून ८ पासून सुरू केले तेव्हा आपण केवढी बोंबाबोंब केली, इथे कुणीही काही बोलत नाही, सगळे निळ्या पाटीमागे चालतात.

आता गेट, आमच्या आईचा प्रसंग. साध्या लोकलच्या भागातून शिंकानसेनच्या भागात जायला मध्ये आणखी एक गेटांची रांग असते. कागदी तिकिटं दोन असतात, एक नुसतं प्रवासाचं आणि एक सुपरफास्टचं, ज्यावर डबा आणि सीट नंबर. दोन्ही एकावर एक ठेवून एकदम फटीत घालायची. उएनोहून येताना तुम्ही सुइका, म्हणजे त्यांचं आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, टॅप केलं असेल तर तिकिटं घातल्यावर ते कार्डही टॅप करायचं. मी हे सगळं आदल्या रात्री समजावलं होतं. आईने एकच तिकीट घातलं कारण तिच्या मते दुसरं परतीचं होतं. छोटी दारं फटकन बंद, टूंटूं आवाज, मागे रांग, आणि आई दोन्ही हात वर करून उभी, जसं काही पोलिसांनी पकडलंय. बाजूच्या काउंटरवरचा माणूस आला, तिकीट काढून दिलं, दोन्ही जोडून दाखवलं, दुसऱ्या हाताने कार्ड कुठे टेकवायचं ते दाखवलं, एक शब्द न बोलता, आणि मागच्या रांगेत कुणी एकदाही च्च केलं नाही. तिकिटं गेटच्या दुसऱ्या टोकाला परत बाहेर येतात, ती उचला!! क्योटोला बाहेर पडताना लागतात.

इथे एक पैशाची गोष्ट, जी मला नंतर कळली आणि मी चडफडले. आमच्या प्रवासाच्या तिकिटावर सुरुवातीचं ठिकाण टोकियो स्टेशन असं नव्हतंच, टोकियोचा महापालिका भाग असं होतं. लांबच्या तिकिटाला तसं असतं, म्हणजे त्या हद्दीतल्या कुठल्याही जेआर, म्हणजे जपान रेल्वेच्या, स्टेशनहून त्याच तिकिटावर निघता येतं. उएनोहूनच तेच तिकीट घालून आत आलो असतो तर सुइकामधले पैसे गेले नसते. चार माणसांचे. फार नाहीत, पण ठाण्याच्या माणसाला असं काही कळलं की दोन दिवस जेवण जात नाही.

आणि आता बाबा हरवले तो भाग.

झालं असं की बाबांनी कुठेतरी वाचलं होतं की या स्टेशनात जपानच्या दोन पंतप्रधानांवर हल्ले झाले. ते खरं आहे. १९२१ मध्ये हारा ताकाशी यांना मारुनोउचीच्या दक्षिण गेटापाशी भोसकलं, ते गेले. १९३० मध्ये हामागुची ओसाची यांच्यावर फलाटावर गोळी झाडली, ते तेव्हा वाचले पण पुढच्या वर्षी त्याच जखमेपायी गेले. दोन्ही ठिकाणी जमिनीत खुणा आहेत. हामागुचींची खूण शिंकानसेनच्या मधल्या बदली गेटाजवळ, साध्या भागातच आहे, आणि हे बाबांना माहीत होतं पण आम्हाला नव्हतं. आईचा तो गेटाचा गोंधळ होण्याच्या आधीची गोष्ट ही, आम्ही गेटापाशी पोचलो, मी तिकिटं मोजते तर तीनच माणसं.

पहिली पाच मिनिटं राग, पुढची पाच मिनिटं पोटात गोळा. फोन केला तर बाबांचा फोन नेहमीप्रमाणे बॅगेत आणि बॅग माझ्याकडे. आदल्या रात्री आम्ही ठरवलं होतं, चुकामूक झाली तर गिन नो सुझु, म्हणजे रुपेरी घंटा, तिथे भेटायचं. १९६८ पासून टोकियोचे लोक तिथेच भेटतात, आपल्याकडे इंडिकेटरखाली भेट म्हणतो तसं. आता मी जिचा फोटो बघितला होता ती काचेच्या पेटीतली चांगली मोठी घंटा, पण फोटोत मजला थोडाच दिसतो. ती तळमजल्यावर नाहीये. खाली, दुकानांच्या मजल्यावर आहे, जिन्याने उतरून. आम्ही तळमजल्यावर घंटा शोधतोय, आई म्हणतेय देवळातली असते तशी टांगलेली असेल, चिकू म्हणतोय आई निळ्या पाटीवर घंटा नाहीये, आणि या सगळ्यात मी एका खांबाला वळसा घातला तर समोर बाबा. हात मागे बांधून, मान खाली घालून, जमिनीकडे बघत उभे. भोवतीने माणसांचा पूर वाहतोय आणि हे मधोमध दगडासारखे. त्यांच्या पायापाशी फरशीत बसवलेली एक छोटी खूण, पेढ्याच्या खोक्याच्या झाकणाएवढीही नसेल, आणि बाजूच्या खांबावर जपानीत पाटी. मला म्हणाले, बघ, रोज एवढी माणसं यावरून जातात, कुणी बघत नाही. मी काय बोलणार. म्हटलं बाबा गाडीला पस्तीस मिनिटं आहेत. म्हणाले मग भरपूर आहेत की.

(पस्तीस मिनिटं खरंच भरपूर होती. पण आम्ही दीड तास आधी आलो होतो म्हणून उरली. तुम्हीही पहिल्यांदा जाताना किमान तासभर ठेवा, नेटवर लोक वीस मिनिटांत बदली होते म्हणतात, त्यांच्यासोबत आई-बाबा नसतात.)

फलाटावर पोचल्यावर मात्र सगळं शांत. १६ डब्यांची गाडी, साधारण ४०० मीटर लांब, म्हणजे आपल्या १५ डब्यांच्या लोकलपेक्षाही बरीच लांब, त्यामुळे चुकीच्या टोकाला चढलात तर पळता भुई थोडी. पण जमिनीवर डबा नंबर आणि दार लिहिलेलं असतं आणि दार खरंच तिथेच येतं. हे आपल्याला नवीन नाही म्हणा, ठाण्याच्या फलाटावर कुठला डबा कुठे येतो हे आपल्याला पेपरच्या स्टॉलवरून आणि पुलाच्या खांबावरून कळतंच, फरक एवढा की तिथे गाडी आल्यावरही रांग रांगच राहते. मी सवयीने पर्स पुढे घेऊन खांदा तयार ठेवला होता. काही गरज नाही पडली. गाडी आली, आतली माणसं उतरली, मग सफाईवाले शिरले, सीट सगळ्या गर्रकन फिरवून पुढच्या दिशेला केल्या, कचरा घेतला, उतरले. उत्तरेकडच्या २० ते २३ नंबरच्या गाड्यांची ही सफाई सात मिनिटांत होते म्हणून ती जास्त प्रसिद्ध आहे, आमची निळी होती पण तीही बघत राहावी अशीच. आईला आमच्या कामवाल्या मावशींना व्हिडिओ दाखवायचा होता. मी म्हटलं नको, उगाच पगारवाढ मागतील.

१८-१९ नंबरच्या फलाटाच्या एका टोकाला सोगो शिंजी यांचं स्मारक आहे, वेळ असेल तर बघा, बाबांमुळे आम्हाला बघावंच लागलं. शिंकानसेन व्हावी म्हणून भांडलेले रेल्वेचे प्रमुख. जागतिक बँकेचं ८ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, तरी खर्च अंदाजाच्या बराच वर गेला आणि १९६३ मध्ये त्यांना पद सोडायला लागलं. गाडी सुरू झाली १ ऑक्टोबर १९६४ ला, टोकियो ऑलिम्पिकच्या नऊ दिवस आधी. बाबा स्मारकाला नमस्कार करून आले, चपला काढल्या नाहीत एवढंच.

आता बारीकसारीक. सामान: मोठ्या बॅगा सोबत आणूच नका, हॉटेलच्या काउंटरवरूनच पुढच्या शहरातल्या हॉटेलला पाठवता येतात, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचतात, आम्ही तसंच केलं आणि आईचे गुडघे वाचले. आणायच्याच असतील तर बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली की डब्याच्या मागच्या जागेसकट सीट आधी बुक करावी लागते, जादा पैसे नाहीत, पण न करता आणली तर १,००० येन मोजा. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, ओसाकाला गेलात की उजवीकडे, हे का ते विचारू नका. फुजी बघायचा असेल तर क्योटोकडे जाताना उजवीकडच्या खिडकीची ई सीट. आम्हाला ढग दिसले.

खाणं. शाकाहारी लोकांना इथे जरा विचार करावा लागतो. फलाटावर आणि आत ‘एकिबेन’ म्हणजे स्टेशनवरचे डबे मिळतात, इतके सुंदर बांधलेले की उघडवत नाही, पण बहुतेकांत मासे नाहीतर मांस. आईबाबांसाठी आतल्या केइयो स्ट्रीट भागात टीज तानतान नावाचं दुकान आहे, पूर्ण व्हेगन, तिळाचा रस्सा घातलेले रामेन नूडल्स, आईने पहिला घास घेऊन म्हटलं हे कटाच्या आमटीसारखं लागतंय, जे अजिबात खरं नाही पण तिने वाटी संपवली. गाडीत खायला आलुबुखारसदृश आंबट फळ घातलेले भाताचे त्रिकोण घ्या, उमेबोशी विचारा. आणि गाडीत चहावाला येईल म्हणून बसू नका, निळ्या गाडीत साध्या डब्यातली ट्रॉली २०२३ मध्येच बंद झाली. आम्ही ठाण्याहून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी २८५ किलोमीटरच्या वेगाने खाल्ली. वास फार येऊ नये म्हणून डबा अर्धाच उघडून.

मग अर्धा स्टार का कापला. एक, बसायला जागा फार कमी. एवढं मोठं स्टेशन, हजारो माणसं, आणि गुडघेदुखीच्या बाईला टेकायला बाकडं शोधावं लागतं, तिकीट असेल तर शिंकानसेनच्या गेटाच्या आत वेटिंग रूम आहे, बाहेरच्या भागात मात्र हाल. दोन, डिस्नेलँडला जाणारी केइयो लाइन. पाटीवर टोकियो स्टेशन लिहिलंय पण ती इतकी लांब आहे की मध्ये सरकते पट्टे लावलेत, चालून दहा मिनिटं तरी धरा. म्हणजे गावदेवीला उतरवून हेच ठाणे स्टेशन म्हणाल्यासारखं. विमानतळावरून नारिता एक्सप्रेसने येणार असाल तर तीही मारुनोउचीकडे खोल जमिनीखाली येते, तिथून वर शिंकानसेनपर्यंत यायचं म्हणजे जिने, जिने आणि जिने. लिफ्ट आहेत, पण शोधाव्या लागतात, आणि सामान असेल तर शोधाच.

परत आल्यावर लोक विचारतात आपलं बुलेट ट्रेनचं स्टेशन असं होईल का. ठाण्याचं स्टेशन म्हातार्डीला होतंय, दिव्याजवळ. ५०८ किलोमीटरच्या मुंबई-अहमदाबाद मार्गावरची १२ स्टेशनं, बीकेसी तेवढं जमिनीखाली, आणि तिथून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. गाडी चांगलीच असेल, त्याची मला काळजी नाही. मला काळजी घोडबंदरच्या माणसाची आहे, तो म्हातार्डीला पोचणार कसा. टोकियोला शिंकानसेन भारी वाटते कारण यामानोतेतून उतरून त्याच छपराखाली तुम्ही तिच्यात बसता, पाऊस लागत नाही, रिक्षावाल्याशी बोलावं लागत नाही. म्हातार्डीला दिव्याच्या किंवा कोपरच्या लोकलमधून उतरून कोरड्या पायाने बुलेटच्या गेटापर्यंत जाता आलं तर मी पाचपैकी पाच देईन, गाडीत न बसताच. आणि नाही असं नाही हो, आपल्याकडेही होतं. २०२४ मध्ये ६३ तासांचा ब्लॉक घेऊन ठाण्याचा ५-६ नंबरचा फलाट रुंद केला, तेव्हा सगळ्यांनी शिव्या घातल्या, आणि आता सकाळी तिथे उभं राहताना पाठीमागच्या माणसाची बॅग बरगडीत घुसत नाही. दोन-तीन मीटरच वाढले होते. बाबा म्हणतात एवढाच तर फरक असतो.

तर जाणाऱ्यांनी रुपेरी घंटा खाली, तळघरात आहे हे लिहून ठेवा, आणि घरातल्या इतिहासप्रेमी माणसाचा फोन त्याच्याच खिशात आहे ना ते बघा. माझं आणि आईचं सुइका कार्ड घरात पडून आहे, दोन्हींत थोडे थोडे येन शिल्लक आहेत, शेवटच्या वापरापासून दहा वर्षं चालतात, कुणाला हवी असतील तर संध्याकाळी सातनंतर घेऊन जा. बाबांचं मागू नका. ते त्या पासच्या जुन्या कव्हरात गेलंय.